खडकेवाडीचे पाणी

नाताळच्या सुट्टीत मी सोलापूरला जाणार म्हटल्यावर शाळेतल्या बरोबरीच्या शिक्षिकांनी नाके मुरडली. "अहो, तिकडे बघण्यासारखे आहे तरी काय?" एकीने विचारले. मला सांगता आले नाही. तिकडे माझी गोदू होती, एवढेच.

गोदावरी आणि मी लहानपणी एका बाकावर बसलो. मग तिचे लग्न झाले आणि ती नवऱ्याच्या पाठोपाठ अक्कलकोटच्या बाजूला दगडाच्या खाणीवर राहायला गेली. मी शिकत राहिले आणि पुण्यात शिक्षिका झाले. तिच्या त्या खाणीच्या गावाला, खडकेवाडीला, जायचे मी दर वर्षी ठरवी आणि दर वर्षी काहीतरी आडवे येई. आता खाण बंद झाली, गाव उठले, गोदू सोलापुरात येऊन राहिली, आणि मग मला वेळ मिळाला.

पॅसेंजर गाडीत डोळा उघडला तेव्हा जेऊर आले होते. फिरकीच्या तांब्याचे झाकण सैल राहून माझी वळकटी ओलीचिंब झाली होती. ती खिडकीला वाळत घालून मी बाहेर पाहत बसले. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर कणसे धरलेली ज्वारी. झाड असे क्वचितच. समोरच्या बाकावर एक शेतकरीण बसली होती. तिने माझ्या ओल्या पांघरुणाकडे पाहिले.

"कुटं निगालाव बाई?"

"सोलापूरला."

"एकल्याच?"

"एकटीच. मैत्रिणीकडे."

"तिला न्हायला पानी हाय का पुरंसं? सोलापुरात लई हाल असत्यात." असे म्हणून तिने पदरातली मूठभर हुरड्याची कणसे माझ्या ओंजळीत घातली. गरम राखेचा वास अजून त्यांना होता.

सोलापूर स्टेशनावर गोदूचे यजमान विष्णुपंत टांगा घेऊन उभे होते. मी त्यांना लग्नात पाहिले होते, त्यानंतर आज. खाणीवर ते ओव्हरसियर होते. आता एका गिरणीच्या इंजिनखान्यात नोकरी करतात. मोजके बोलणारे, अंगाने काटक, कपाळावर सुरुंगाचा दगड लागल्याची जुनी खूण. घरी गोदू दारातच होती. मी तिला ओळखले ते हसण्यावरून. केस अर्धे पांढरे झाले होते.

जेवायला ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांगी. जेवता जेवता गोदू म्हणाली, "परवा आपण खडकेवाडीला जाऊ या. यल्लव्वाला आणायचं आहे."

"ओस गावात बघायला काय आहे?" विष्णुपंत म्हणाले.

"बघायला नाही, आणायला जायचंय. एकटी राहते म्हातारी तिथं. हणमंता पावसाळ्याआधी दोनदा जाऊन आला. पोराचं ऐकत नाही, माझं ऐकेल."

यल्लव्वा ही खाणीवर दगड फोडणाऱ्या वडार मंडळींपैकी एक, आणि हणमंता तिचा मुलगा, एवढे मला तेव्हा कळले. बाकीचे दुसऱ्या दिवशी नवी पेठेत कळले.

नवी पेठेत यल्लव्वासाठी एक सोलापुरी चादर घ्यायची होती. कापडाच्या दुकानांपुढून वाट काढत आम्ही चाललो होतो. कुणी तेलुगूत भाव करीत होते, कुणी दखनी उर्दूत, दुकानदार दोघांना मराठीत उत्तरे देत होता. एका दुमजली घरापुढे गोदू थांबली. खाली दुकान, वर कठड्याची गॅलरी.

"हे खाणीच्या मालकांचं घर. या पायऱ्यांवर आम्ही सगळ्या जणी बसलो होतो," ती म्हणाली, आणि चादर घ्यायचे राहून तिने मला तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्याने सगळी हकीकत सांगितली.

रेल्वेला खडी आणि पुलांना चिरे पुरवण्यासाठी खडकेवाडीची खाण निघाली तेव्हा त्या माळावर प्यायला थेंब नव्हता. बोरी नदीवरून रेड्यांच्या पाठीवर पखाली (कातड्याच्या पाण्याच्या पिशव्या) येत. माणशी ठरलेले पाणी मिळे, कातड्याचा वास असलेले, पण मिळे. मग वडारांनी सुट्टीच्या दिवसांत आपल्या हौसेने विहीर खणायला घेतली. यल्लव्वाचा नवरा त्यांचा पुढारी. कोरड्या खडकात ती माणसे खाली जात राहिली आणि शेवटी झरा लागला. ते पाणी इतके गोड की वस्तीला आलेले रेल्वेचे साहेब बाटल्या भरून नेत. तिला गोड विहीर असेच नाव पडले. वस्ती वाढली, दुकाने आली, एका मास्तरांची शाळा आली, आठवड्याचा बाजार भरू लागला. गोदू नांदायला गेली ती या दिवसांत.

"आणि एक दिवस खणीत, दगड काढायच्या खड्ड्यात, पाणी लागलं," गोदू म्हणाली. "सुरुंग उडाला आणि खडकाच्या भेगेतून धार सुटली. केवढा आनंद! बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले, मालकांनी पेढे वाटले. संध्याकाळी मी घागर घेऊन विहिरीवर गेले, तर दोर पुरेना. दुसऱ्या दिवशी तळ दिसला. ज्याला आम्ही नारळ फोडले तो आमच्याच विहिरीचा झरा होता, कमळे."

खणीतले पाणी उपसल्याशिवाय दगड काढता येईना, म्हणून मालकांनी तेलाचे इंजिन बसवले. पाणी नळाने वर हौदात पडू लागले. विहीर कोरडी झाली तरी हौदावर गाव चालले. इंजिनावर हणमंता होता. काही वर्षांनी त्या खणीतला दगड फुटका निघू लागला. मालकांनी पलीकडे दुसरी, कोरडी खण उघडली आणि म्हणाले, आता हे इंजिन बंद करतो.

"मग प्यायचं काय? आम्ही सगळ्या जणी इथं आलो. पुढं मी आणि यल्लव्वा. ती या पायरीवर पदर पसरून बसली. म्हणाली, इंजन बंद केलंसा तर मी हितनं उठत न्हाय. मालक वाईट नाहीत गं. खाली आले, सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाले, तुमच्यासाठी चालू ठेवतो. आम्ही गाणी म्हणत परत गेलो."

"मग बरंच झालं की."

"त्याच उन्हाळ्यात इंजिन बिघडलं. हौद आटला. बायका खणीत उतरून पाणी आणू लागल्या. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, ओल्या. नागू, म्हणजे यल्लव्वाची सून, माझ्या पुढं होती. तिचा पाय सरकला. घागर आधी खाली गेली. तो आवाज ऐकून मी म्हटलं, घागर गेली वाटतं." गोदूने पायरीकडे पाठ केली. "हणमंता वर इंजिनाशीच झटत होता. सुरू झालं ते संध्याकाळी."

त्यानंतरही इंजिन चालत राहिले. पुढे रेल्वेचे काम संपले, खाण बंद झाली आणि इंजिन गाडीवर घालून नेले. वडार मंडळींना खाणीवाचूनही पोट भरता आले असते. जाती, पाटे-वरवंटे घडवून बाजारात विकणारी ती माणसे. पण पाण्यासाठी रोज त्या ओल्या पायऱ्या कोण उतरणार? सगळे सोलापूरला आले आणि गिरण्यांत लागले. मागे राहिली फक्त यल्लव्वा, खणीतून तांब्या-तांब्याने पाणी आणीत.

चादर आम्ही घेतली. हिरव्या काठांची, गोदूने निवडली.

अक्कलकोट रोड स्टेशनावर उतरून आम्ही बैलगाडी केली. गाडीवान बैलांशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत बोलत होता. "खडकेवाडी? तितं आता कोन न्हाय की हो," तो म्हणाला. विष्णुपंतांनी "आहे एक जण" म्हणून त्याला गप्प केले. माळ चढून गाडी वर आली आणि मैत्रिणीचे गाव मी पहिल्यांदा पाहिले.

ते गाव राहिले नव्हते. काळ्या दगडाच्या भिंतींच्या रांगा सरळ उभ्या होत्या, पण छपरांचे पत्रे लोकांनी जाताना काढून नेले होते, आणि प्रत्येक घरात ऊन पडले होते. एका भिंतीवर शाळेचा काळा फळा रंगवलेला होता. गोदूने मला तिचे स्वयंपाकघर दाखवले. चूल शाबूत होती, तिच्यात गवत उगवले होते. "इथं तुला पुरणपोळी करून घालणार होते," ती म्हणाली. जेव्हा यायचे तेव्हा मी आले नाही.

"बर्री, गोदक्का, बर्री!" (या, या) हाक आली. एक उंच, वाकलेली म्हातारी चार शेळ्या मागे टाकून येत होती. तिने गोदूच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले. "लई वाळलीस की गं. सायेब, तुमी बी आलाव? ह्या कोन अक्का?"

"माझी मैत्रीण. पुण्याची."

"पुन्याची! बसा. आदी पानी प्या."

तिने पितळी तांब्या पुढे केला. सरळ सांगते, वडाराच्या घरचे पाणी पुण्यात मी प्याले असते की नाही, सांगता येत नाही. गोदूने घटाघटा प्यायला सुरुवात केली आणि मध्येच ती थांबली. तिने तांब्या खाली घेतला आणि यल्लव्वाकडे पाहिले.

"हे कुठलं पाणी?"

यल्लव्वा नुसती हसली. दात उरले नव्हते, पण तोंडभर हसली. "चल, दावते."

घरांच्या मागे, एका बाभळीखाली ती विहीर होती. चिरेबंदी काठ, दोराने घासून पडलेल्या खाचा. आम्ही वाकून पाहिले. पाणी हाताच्या अंतरावर नसले तरी फार खाली नव्हते. काठोकाठ म्हणावे इतके नाही, पण पोहऱ्याला दोन वाव दोर पुरेल असे, स्वच्छ आणि निवांत.

"शेळी काठावर गेलती म्हनून हाकलाया आले," यल्लव्वा सांगू लागली. "दसऱ्याच्या आसपास. वाकून बघते तर आत आभाळ दिसलं. मला वाटलं, डोळं गेलं माझं. धोंडा टाकला तर डुबुक वाजलं. मग हितंच बसले दिस मावळस्तवर."

गोदू रडू लागली. यल्लव्वाही रडली, पण तिचे रडणे सुखाचे होते. मी विष्णुपंतांकडे पाहिले. ते विहिरीपाशी नव्हतेच. ते झपाझप खणीकडे चालले होते.

मी त्यांच्या मागे गेले. जुनी खण आता एक तळे झाली होती, उभ्या काळ्या कड्यांच्या मध्ये निळे पाणी. त्या कातळातल्या पायऱ्या पाण्यात उतरून दिसेनाशा झाल्या होत्या. विष्णुपंत काठावर उभे राहिले, मग वळून विहिरीपाशी आले, पुन्हा खणीकडे गेले. तोवर गोदू डोळे पुसत आली.

"दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"इंजिन गेलं. खण भरत आली. तशी विहीरही भरली."

गोदूला उमगायला क्षणभर लागला. मग ती हळू म्हणाली, "म्हणजे आपण उपसत होतो म्हणून ती कोरडी होती?"

"हो."

"आणि मालक बंद करणार होते तेव्हाच बंद केलं असतं तर?"

"एक पावसाळा. फार तर दोन." ते खाली पाहत होते. "मला वाटायचं, सुरुंगानं खडक तडकला, झरा कायमचा इकडं वळला. सगळ्यांनाच वाटायचं. थांबून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि थांबायचं कसं? तेवढे दिवस माणसांनी प्यायचं काय होतं?"

"नदीवरून पखाली आणल्या असत्या," गोदू म्हणाली. "पूर्वी आणतच होते की."

गोदू रागाने बोलली नव्हती. तिला ते आताच सुचले होते, आणि सुचल्यावर ती स्वतःच घाबरल्यासारखी दिसली. मालकांच्या पायऱ्यांवर बसून इंजिन मागणाऱ्यांत ती पुढे होती. तिच्या शेजारी यल्लव्वा होती. आणि त्या इंजिनाच्या वर्षांतच नागू गेली होती.

"तिला सांगू नका," गोदू म्हणाली.

"नाही," विष्णुपंत म्हणाले.

यल्लव्वाने आमच्यासाठी हुग्गी (गव्हाची खीर) शिजवली होती. कडक भाकरी होती, शेळीचे दूध होते. ती स्वतः जेवेना, आम्हाला वाढत राहिली. गोदूने चादर तिच्या अंगावर घातली आणि सोलापूरला चलण्याचा विषय काढला.

"आता कशाला येऊ?" यल्लव्वाला नवल वाटले. "पानी न्हवतं तवा आले न्हाय. आता तर पानी आलंया. तूच ये की परत. समद्यास्नी सांग, या म्हनावं. माझ्या दादल्यानं हीर खनली ती काय शेळ्यांसाठी?"

मग ती विष्णुपंतांपुढे बसली.

"सायेब, तुमी शिकल्याले. मी म्हनते नागूनं पानी धाडलं. ती पान्यापायी गेली न्हवं? पर हनमंता म्हनंल, म्हातारी खुळी झाली. तुमी सांगा. इतक्या सालांनी हे पानी कुटनं आलं?"

विष्णुपंत ताटातली भाकरी मोडत राहिले. "यंदा पाऊस बरा झाला, यल्लव्वा," ते शेवटी म्हणाले.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "पाऊस तर दरसाल पडत हुता की," ती म्हणाली.

तिने पुन्हा विचारले नाही. उठून तिने आमच्या ताटांत आणखी खीर वाढली. तिच्या मनात काय आले ते मला कळले नाही. पण निघताना तिने आम्हाला विहिरीकडे नेले नाही, आणि गोदूचा हात मात्र बराच वेळ सोडला नाही. गाडी माळ उतरू लागली तेव्हा ती हिरव्या काठांची चादर पांघरून एका बिनछपराच्या घरापुढे उभी होती. गोदू मागे वळून पाहत होती. विष्णुपंत पुढे तोंड करून बसले होते.

सोलापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही हणमंताकडे गेलो. आईचा निरोप द्यायला हवा होता. गिरणीजवळच्या एका चाळीत तो राहतो. त्याने पुन्हा लग्न केले आहे, झोळीत तान्हे मूल होते. तो पाळीवर जायच्या तयारीत होता. आम्हाला पाहून त्याने घोंगडी अंथरली.

"आली न्हाय?" त्याने विचारले.

"नाही. ती म्हणते, तुम्हीच या," गोदू म्हणाली. "विहिरीला पाणी आलंय, हणमंता. गोड विहिरीला."

हणमंता उभा होता तो खाली बसला. "गोड हीर? किती पानी हाय?"

"पुष्कळ."

"चव?"

"तीच."

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटले, हा आता बायकोला हाक मारून बांधाबांध करायला सांगेल. तो खरेच तिच्याकडे वळलाही. मग कशाने कोण जाणे, तो थांबला. इतकी वर्षे त्या इंजिनाजवळ बसलेला माणूस तो. त्याने हळूहळू विष्णुपंतांकडे मान वळवली.

"सायेब," तो म्हणाला, "इंजन नेल्यावर आलं व्हय?"

विष्णुपंतांनी मान हलवली. हो म्हणून.

हणमंताने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. तेलाने काळे पडलेले तळवे त्याने धोतराला पुसले, पुन्हा पुसले. झोळीतले मूल रडू लागले, त्याच्या बायकोने आतून काहीतरी विचारले, पण त्याने ऐकले नाही.

"आमीच चालू ठिवा म्हनलो हुतो," तो म्हणाला. "बंद पडलं की मी रात न् दिस एक करून चालू करायचो."

"कुणालाच माहीत नव्हतं, हणमंता," विष्णुपंत म्हणाले. "मला माहीत असायला हवं होतं. पण नव्हतं."

"व्हय," हणमंता म्हणाला. "आईला सांगितलंसा?"

"नाही."

"नका सांगू."

तेवढ्यात गिरणीचा भोंगा वाजला. चाळीतली दारे एकामागून एक उघडली आणि माणसे बाहेर पडू लागली. हणमंता उठला, टोपी घातली, आम्हाला नमस्कार केला आणि त्या गर्दीत चालू लागला. त्यांच्यातली कितीतरी माणसे खडकेवाडीची होती असे गोदूने सांगितले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. हाक मारून सांगितले असते तर काही थांबली असती, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. पण कुणी हाक मारली नाही. कामे लागली होती, मुले शाळेत घातली होती, आणि भोंगा दुसऱ्यांदा वाजत होता.

परतीच्या गाडीत मी एकटीच होते. या प्रवासाची हकीकत लिहायला बसले तेव्हा वाटले होते की कुणाची तरी चूक दाखवावी म्हणजे वाचणाऱ्याचे मन हलके होईल. पण कुणाची दाखवू? मालकांनी दया केली, बायकांनी मुलाबाळांसाठी पदर पसरला, विष्णुपंतांनी इंजिन राखले, हणमंताने ते जिवापाड चालवले. प्रत्येकाने गावाला पाणी मिळावे म्हणूनच केले. नुसते थांबण्याचे काम तेवढे कुणाच्या वाट्याला आले नव्हते.

शाळा उघडल्यावर बरोबरीच्या शिक्षिकांनी विचारले, "मग, काय पाहिलंत तिकडे?"

"एक विहीर पाहिली," मी म्हटले. "पाण्याने भरलेली."

"एवढंच?" एक जण हसून म्हणाली, आणि तासाला निघून गेली.